मायनर थ्रेट हा बँड जेमतेम तीन वर्षं वाजला, तरी आजही सगळे त्याचं नाव का घेतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वॉशिंग्टनचा मायनर थ्रेट १९८० मध्ये सुरू झाला, १९८३ मध्ये संपला, सगळी गाणी एका सीडीवर मावतात. मग हार्डकोर पंकचा, म्हणजे पंक रॉकच्या अधिक वेगवान आणि आक्रमक रूपाचा, विषय निघाला की चाळीस वर्षांनंतरही लोक याच बँडपाशी का येऊन थांबतात?

सगळी मिळून २६ गाणी, जेमतेम पाऊण तासाची. तेवढ्यात मला काय मिळालं ते आधी सांगतो, कारण माझं उत्तर तिथूनच येतं.

मी २००४ साली पुण्यात इंजिनीअरिंगला होतो आणि हॉस्टेलवर राहत होतो. माझे आजोबा माळकरी. त्यांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेमुळे आमच्या घरात दारूचा विषयच कधी निघाला नाही. हॉस्टेलवर मात्र दर शनिवारी "आज बसू" ठरायचं. मी चकणा खात बसायचो आणि ग्लास पुढे आला की नको म्हणायचो. लगेच प्रश्न यायचा, "का रे, घरी माळ आहे का?" माळ होती, पण ती आजोबांची. ती त्यांनी स्वतःच्या श्रद्धेने घातलेली, माझी तेवढी श्रद्धा नव्हती. मला प्यायचं नव्हतं एवढंच. त्या वयात एवढंच कारण पुरत नाही. एक तर तुम्ही सोवळे ठरता, नाहीतर घाबरट. व्हर्जिनियात नोकरीला असलेला माझा मावसभाऊ त्या दिवाळीत आला, तेव्हा त्याने ही सीडी माझ्या हातात ठेवली. त्यातलं 'स्ट्रेट एज' हे गाणं ४६ सेकंदांचं आहे. मी तुझ्यासारखाच तरुण आहे, पण नशेत पडून राहण्यापेक्षा मला करण्यासारखं बरंच काही आहे, असा त्याचा अर्थ. उपदेशाचा सूर कुठेही नाही. आवाज चिडलेल्या मुलाचा आहे, कीर्तनकाराचा नाही. मी ते गाणं त्या रात्री किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही.

याच बँडचं 'इन माय आइज' तुम्ही लक्ष देऊन ऐका. समोरचा माणूस आपल्या सवयीचं जे समर्थन करतो, ते बँडचा गायक इयन मकाय आधी जवळजवळ बोलल्यासारखं, दबक्या आवाजात म्हणतो. मागे गिटार संयमाने चाललेली असते. मग पुढच्याच ओळीत त्या समर्थनाचा खरा अर्थ तो जिवाच्या आकांताने ओरडून सांगतो. पुन्हा शांत, पुन्हा किंकाळी. असं भांडण मी घरात ऐकलं होतं, मित्रांमध्ये ऐकलं होतं, गाण्यात कधी ऐकलं नव्हतं. आणि वाजवणारे कोण, तर शाळा नुकतीच सुटलेली किंवा अजून चालू असलेली पोरं! बँड सुरू झाला तेव्हा मकाय १८ वर्षांचा होता आणि बास वाजवणारा ब्रायन बेकर १५ वर्षांचा. ड्रमवर जेफ नेल्सन, गिटारवर लाइल प्रेस्लर. तरी ते किती नेटकं वाजवतात बघा. एवढ्या वेगातही प्रत्येक ठोका जागेवर पडतो. हार्डकोर म्हणजे वाजवता न येणाऱ्यांचा गोंगाट, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा ऐकावंच.

हा वेग त्यांनी स्वतः शोधलेला नव्हता. तो त्यांच्याच शहरातल्या बॅड ब्रेन्सकडून आला. हे चार कृष्णवर्णीय वादक आधी जॅझ फ्यूजन वाजवायचे, तिथून पंककडे वळले आणि असे सुसाट वाजवू लागले की त्यांना पाहिलेल्या शहरातल्या पोरांची सगळी मोजमापंच बदलून गेली. ध्वनीच्या बाबतीत मोठं ऋण बॅड ब्रेन्सचं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मायनर थ्रेटचं देणं वेगळ्या ठिकाणी आहे.

मकाय आणि नेल्सन यांचा आधीचा बँड होता टीन आयडल्स. तो १९८० च्या अखेरीस फुटला, तेव्हा वर्षभराच्या कार्यक्रमांतून साठलेले सहाशेच्या आसपास डॉलर शिल्लक होते. चौघांनी वाटून घेतले असते तर विषय तिथेच संपला असता. त्यांनी त्याऐवजी आपल्याच मोडलेल्या बँडची गाणी एका छोट्या रेकॉर्डवर काढायचं ठरवलं. हजार प्रती. त्यासाठी कंपनीला नाव दिलं डिस्कॉर्ड. रेकॉर्डचं कव्हर कसं बनतं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी एका इंग्लिश रेकॉर्डचं कव्हर जोड उकलून सपाट केलं, त्याचा आकार कागदावर गिरवला आणि तसं छापून आणलं. मग मित्रमंडळी जमवून कात्रीने कापायचं, घडी घालायची, गोंद लावायचा. गणपतीच्या मखरासाठी रात्र रात्र जागून पुठ्ठे कापलेल्या कुणालाही त्या खोलीतलं वातावरण कळेल. मायनर थ्रेटची पहिली रेकॉर्ड १९८१ मध्ये याच डिस्कॉर्डवर आली, क्रमांक तीन. त्यावर आठ गाणी, सगळी मिळून दहा मिनिटांच्या आत. ती वॉशिंग्टनच्या शेजारी आर्लिंग्टनमध्ये डॉन झिएंतारा यांच्या घरातल्या इनर इअर स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. मोठ्या कंपनीचं बोलावणं येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. आपल्याकडे साठच्या दशकात मुंबईत लघुनियतकालिकं काढणाऱ्या कवींचा हट्ट याच जातीचा होता. प्रकाशक छापत नाही ना, मग आपणच छापू.

डिस्कॉर्ड आजही चालू आहे. बँडशी लेखी करार नाही, खर्च वजा जाता फायदा वाटून घ्यायचा आणि वॉशिंग्टन परिसरातल्याच बँडची रेकॉर्ड काढायची, ही त्यांची पद्धत. जगभरात पोरांनी जे छोटे लेबल काढले, त्यातल्या कितीतरी जणांच्या डोळ्यांसमोर हाच नमुना होता. तुमच्या प्रश्नाला माझं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं उत्तर हाताच्या पंजावरच्या फुलीत आहे. १९८० च्या उन्हाळ्यात टीन आयडल्स कॅलिफोर्नियाला गेले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मबुहाय गार्डन्समध्ये मंडळी दारूच्या कायदेशीर वयाची नव्हती, म्हणून क्लबवाल्यांनी त्यांच्या हातांवर काळ्या शाईने मोठी फुली मारली. अशी फुली दिसली की बारवाल्याने दारू द्यायची नाही. ही कल्पना पोरं वॉशिंग्टनला घेऊन आली आणि तिथल्या क्लबना सांगू लागली, हवी तर फुली मारा, पण आम्हाला आत येऊन गाणी ऐकू द्या. मागणी दारूबंदीची नव्हती, दार उघडण्याची होती. संगीत ऐकायला बारचं गिऱ्हाईक व्हावं लागू नये, एवढंच म्हणणं. पुढे फुली न पिणाऱ्यांची खूण झाली. लोक ती स्वतःहून हातावर काढू लागले, नंतर गोंदवूनही घेऊ लागले.

यावरूनच मायनर थ्रेटमध्ये एक वाद झाला आणि मला तो त्यांच्या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. 'आउट ऑफ स्टेप' या गाण्यात सिगरेट, दारू आणि मन नसलेला शरीरसंबंध या तिन्हींना नकार आहे. पण इंग्रजीत ती ओळ कर्त्याशिवाय आहे. त्यामुळे 'मी पीत नाही' असाही अर्थ लागतो आणि 'पिऊ नका' असाही. नेल्सनला हे खटकलं. लोक याला आज्ञा समजतील, असं त्याचं म्हणणं. शेवटी गाण्याचे शब्द छापताना त्या ओळींच्या आधी कंसात 'मी' घातला गेला. १९८३ मध्ये तेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा मकायने मधे बोलण्याचा एक तुकडाही टाकला. हे नियम नव्हेत, मी कुणाला काय करायचं ते सांगत नाही, असं तो त्यात स्पष्ट म्हणतो.

मराठीत ही संदिग्धता ठेवताच येत नाही. हे सांगणं आहे की आज्ञा, ते आपलं क्रियापदच सांगतं. 'पीत नाही' म्हटलं की सांगणं, 'पिऊ नको' म्हटलं की आज्ञा. मी हे गाणं मनातल्या मनात मराठीत आणायला गेलो, तेव्हा पहिल्याच शब्दाला निवड करावी लागली आणि तो वाद किती खरा होता हे कळलं. आजोबांची माळ 'पीत नाही' म्हणायची. हॉस्टेलवरची मंडळी तिच्यात 'पिऊ नको' ऐकायची आणि चिडायची.

दुर्दैवाने जगातही अनेकांनी 'पिऊ नको'च ऐकलं. दुसऱ्याच्या हातातला बियरचा ग्लास फटका मारून पाडणारे निघाले. नव्वदच्या दशकात सॉल्ट लेक सिटीत स्ट्रेट एजच्या, म्हणजे त्या गाण्यावरून नाव पडलेल्या न पिणाऱ्यांच्या चळवळीच्या, नावावर इतकी मारामारी झाली की पोलिस त्यांच्याकडे टोळी म्हणून बघू लागले. मकाय वर्षानुवर्षं सांगत आला की मला चळवळ काढायची नव्हती. पण एकदा गाणं हातातून सुटलं की सुटलं.

याच धाग्याचं दुसरं टोक थेट भारतापर्यंत येतं. यूथ ऑफ टुडे या न्यूयॉर्कच्या स्ट्रेट एज बँडचा गायक रे कापो पुढे कृष्णभक्त झाला. त्याने शेल्टर नावाचा बँड काढला आणि हार्डकोरमध्ये कृष्णभक्तीचा एक प्रवाहच सुरू झाला. ४६ सेकंदांच्या त्या गाण्यातून निघालेली वाट कुणाला वृंदावनापर्यंत आणि गळ्यातल्या तुळशीच्या कंठीपर्यंत घेऊन गेली. हे मला कळलं तेव्हा आजोबा हयात नव्हते. असते तर त्यांना मी नक्की सांगितलं असतं.

मायनर थ्रेटची एक मोठी चूक मात्र मी लपवणार नाही. 'गिल्टी ऑफ बीइंग व्हाइट' हे गाणं मकायने बहुसंख्य कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शाळेत शिकलेला मुलगा म्हणून लिहिलं. माझ्या जन्माआधीच्या अन्यायाचा दोष माझ्या माथी का, असा त्याचा सूर. हेतू वंशद्वेषाचा नव्हता, उलट वंशभेद नको असं त्याला म्हणायचं होतं, हे तो वारंवार सांगतो आणि माझा त्यावर विश्वास आहे. तरीही गाणं तोकडं पडतं. 'आम्ही काय केलंय, आता कुठे राहिली जात' हे वाक्य आपण ज्यांच्या तोंडून नेहमी ऐकतो, त्यांनाही आपण मनापासून बोलतोय असंच वाटत असतं. ज्याला सोसावं लागलं त्याची बाजू त्या गाण्यात नाही. १९९६ मध्ये स्लेयर या मेटल बँडने ते पुन्हा गायलं आणि शेवटच्या ओळीत एक शब्द बदलून 'गोरा'च्या जागी 'बरोबर' केला. मकायला ते फार आक्षेपार्ह वाटलं. पण असा बदल सहज बसतो, इतकी जागा गाण्यातच राहून गेली होती.

आवाजाचा वारसा सांगायचा तर यादी लांब होईल. ब्रायन बेकर पुढे बॅड रिलिजन या पंक बँडमध्ये गेला. १९८५ च्या उन्हाळ्यात याच वर्तुळातल्या मंडळींचे राइट्स ऑफ स्प्रिंग आणि एम्ब्रेससारखे बँड वाजत होते, ज्यांना नंतर इमो या भावनाप्रधान पंक प्रकाराचं मूळ म्हटलं गेलं. डेव्ह ग्रोल निर्वाणा या बँडमध्ये जाण्याआधी स्क्रीममध्ये ड्रम वाजवायचा, त्या बँडच्या बऱ्याच रेकॉर्डही डिस्कॉर्डनेच काढल्या.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते मकायच्या पुढच्या बँडने, फुगाझीने जे केलं ते. तिकीट शक्यतो पाच डॉलर आणि वयाची अट नाही. प्रेक्षकांत कुणी इतरांना धक्काबुक्की करू लागला की गाणं थांबवायचं, त्याला समज द्यायची, ऐकला नाही तर बाहेर काढायचं. त्यासाठी पाच डॉलर घातलेली पाकिटं तयार असायची. बाहेर काढलेल्याच्या हातात पाकीट द्यायचं. तुझे पैसे परत, आता तुझा आमचा व्यवहार संपला. मायनर थ्रेटच्या काळात पुढे उभी असलेली लहान पोरं तुडवली जात, हे त्यांनी रंगमंचावरून पाहिलं होतं. ते पाकीट मला त्या अनुभवाचं उत्तर वाटतं.

आणि २००५ ची गोष्ट. मायनर थ्रेटच्या पहिल्या रेकॉर्डवर मकायचा धाकटा भाऊ अ‍ॅलेक पायऱ्यांवर गुडघ्यांवर डोकं टेकवून बसलेला आहे, केस तासलेले, पायांत बूट. नाइकीने आपल्या स्केटबोर्डिंगच्या दौऱ्यासाठी तेच चित्र हुबेहूब उचललं, बूट आपले घातले आणि नाव दिलं 'मेजर थ्रेट'. परवानगी घेतली नव्हती. डिस्कॉर्डने आवाज उठवला, जगभरच्या चाहत्यांनी उठवला आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. २२ वर्षांपूर्वी फुटलेल्या बँडसाठी इतके लोक का चिडले? कारण ते कव्हर कुणीतरी हाताने कापून चिकटवलेलं होतं, हे त्यांना माहीत होतं.

बँड फुटला तो संगीतावरच्या मतभेदांतून. शेवटचा कार्यक्रम सप्टेंबर १९८३ मध्ये वॉशिंग्टनमध्येच झाला आणि त्याच दिवशी त्याच मंचावर ट्रबल फंक हा शहराच्या खास गो-गो संगीताचा बँडही होता. त्यानंतर एकत्र येऊन पैसे कमवायची संधी होतीच, पण पुन्हा एकत्र येऊन मैफली त्यांनी केल्या नाहीत.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर १९८१ च्या त्या आठ गाण्यांपासून करा. ती सलग ऐका, बसमध्ये दोन थांबे जायच्या आत संपतात. मग 'इन माय आइज', मग 'आउट ऑफ स्टेप' दोन्ही रूपांत, आधी १९८१ चं आणि नंतर १९८३ चं. शब्द समोर ठेवून ऐका, म्हणजे कंसातला तो 'मी' दिसेल.