सिनेमात खरंच समाज दिसतो का? कोकणावरच्या सिनेमांची उदाहरणं देऊन कोणी सांगेल का?

दिसतो. पण बहुतेक वेळा ज्या गावात शूटिंग झालं त्या गावाचा नाही, तर सिनेमा ज्यांच्यासाठी काढला त्यांचा. मी देवगड तालुक्यात राहतो. कोकणावरचा सिनेमा टीव्हीवर लागला की आमच्या घरात पहिला शेरा आत्येचा असतो: "ह्या खयचा कोकण?" तुम्हाला सिनेमाचं विश्लेषण शिकायचं असेल तर याच प्रश्नापासून सुरुवात करा.

कोकणातल्या सिनेमाची पहिली पाच मिनिटं आठवून बघा. घाट, वळणं, एसटी नाहीतर गाडी, काचेबाहेर हिरवंगार, आणि मग कौलारू घराच्या खळ्यात उभं राहून कोणीतरी हाक मारतं. कॅमेरा गावात राहत नाही, सुट्टीला येतो. ही चाकरमान्याची नजर आहे आणि ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. दोन-तीन पिढ्या इथला पुरुष गिरणगावात राबला, घर मनीऑर्डरवर चाललं, तो गणपतीला आणि शिमग्याला तेवढा यायचा. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तरी मुंबईची वाट सुटली नाही. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात 1036. मुली जास्त जन्माला येतात म्हणून हे आकडे असे नाहीत, पुरुष बाहेर आहेत म्हणून आहेत.

आता हेच आकडे डोक्यात ठेवून पडद्याकडे बघा. ज्या मुलखात घर, शेत, गुरं, पाहुणे, देवाधर्माचं सगळं बायकाच बघतात, तिथल्या सिनेमात बाई कोण असते? एक आजी, एक नायिका, फार तर एक भांडकुदळ शेजारीण. 'किल्ला'मधली आई हा ठळक अपवाद. नवरा गेल्यावर बदली होऊन आलेली सरकारी नोकर, ऑफिसातला त्रास आणि घरातला रुसलेला मुलगा एकाच वेळी सांभाळणारी. पण तीही बाहेरून आलेली आहे. इथेच जन्मलेली, भात लावणारी, बचत गटाचं कर्ज फेडणारी बाई मधोमध ठेवून केलेला सिनेमा शोधायला बसलात तर पटकन नाव सुचणार नाही. विश्लेषणात कोण दिसतं याच्या आधी कोण दिसत नाही ते लिहून काढावं, ते यासाठी.

'श्वास'कडे याच नजरेने बघा. संदीप सावंत यांचा हा सिनेमा 2004 साली आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. आजोबा नातवाला घेऊन कोकणातून पुण्याला येतात, डोळ्याचा कॅन्सर निघतो, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. सगळे रडले ते आजोबा-नातवासाठी, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र त्यातली न बोललेली गोष्ट जास्त खरी वाटते: मोठं दुखणं आलं की कोकणातून बाहेर पडावंच लागतं. त्या आजोबांचं दवाखान्यात बसणं बघा. खुर्ची असूनही नीट टेकत नाहीत, डॉक्टर बोलतात त्यातलं निम्मं कळतं, उरलेलं विचारायचा संकोच. दक्षिण सिंधुदुर्गात "बांबोळीक न्हेल्यानी" एवढं कोणी म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. गोव्याचा तो सरकारी दवाखाना आमच्या बोलण्यात गावासारखाच झालाय. सिनेमात आरोग्यव्यवस्थेवर भाषण नाही. गोष्ट पुण्यात घडते, यातच सगळं आलं. दिग्दर्शकाला जे सांगायचं असतं त्यापेक्षा जे त्याने गृहीत धरलेलं असतं त्यात समाज जास्त सापडतो.

दुसऱ्या टोकाला 'तुंबाड'. तुंबाड हे रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातलं खरं गाव, श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीमुळे मराठी वाचकाला आधीपासून ठाऊक. सिनेमातला तो भलामोठा वाडा मात्र सासवडचा पुरंदरे वाडा आहे, म्हणजे देशावरचा. आमच्याकडे घर चिऱ्याचं, उतरत्या कौलांचं, पुढे ओटी-पडवी, कुडाच्या भिंतीही अजून सापडतील. असले दगडी बुरुज आणि दरवाजे सरदारांच्या मुलखातले. आत्ये इथे हसते, आणि तिचं हसणं योग्यच. तरीही हा सिनेमा मी कोकणाचाच मानतो. 1918, 1933 आणि 1947 अशा तीन काळांत तो फिरतो आणि तिन्हीकडे एकच भूक आहे: पूर्वजांनी पुरून ठेवलेलं आपल्याला मिळावं. इथल्या कुठल्याही पडक्या घराच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असतात, भाऊबंद मुंबईत, घर कोसळलेलं, आणि वाटणीचा दावा चालूच. वास्तू चुकली, वृत्ती बरोबर पकडली. उलटं उदाहरण हवं असेल तर हल्लीच्या कुठल्याही प्रेमकथेतलं कोकण घ्या. तिथे नारळ, वाळू, होडी सगळं अस्सल, आणि माणसं पुण्याच्या कॅफेतून उचलून आणलेली.

भुतांबद्दल थोडक्यातच. 2016 साली 'रात्रीस खेळ चाले' ही टीव्ही मालिका सुरू झाली तेव्हा कोकणाची बदनामी होते म्हणून नाराजी उमटली. नंतर आकेरीचा तो वाडा बघायला गाड्या थांबू लागल्या. मुंज्या, देवचार, राखणदार हे आमच्या बोलण्यात आहेत हे खरं, पण राखणदाराला वर्षाचा नारळ-कोंबडा द्यायचा असतो, तो किंचाळून अंगावर येत नाही. शहरातल्या माणसाला गावाची भीती वाटते, ती त्याने आमच्या पिंपळावर टांगली.

जमिनीकडे मात्र नीट लक्ष द्या. 'नारबाची वाडी'त म्हातारा नारबा आणि त्याच्या वाडीवर डोळा ठेवून बसलेला खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार, आहे. 1949 च्या कायद्याने खोती संपली, पण खोत-कुळाचा ताण इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गंमत म्हणजे ही गोष्ट मुळात बंगाली नाटकातली. उलट वेंगुर्ल्याकडच्या चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' श्याम बेनेगलांनी 1978 साली पडद्यावर आणली ती आंध्रातल्या गावात. दोन्ही बदल बेमालूम जमले, कारण जमीन कोणाची आणि शब्द कोणाचा चालतो हे प्रश्न माड-पोफळीवर अवलंबून नसतात.

तेव्हा सिनेमा बघताना वही घेऊन बसलात तर मुख्य तपासायचं ते काम. कोण काय काम करतं, कधी करतं, पैसे कोण देतं. जून-जुलैत यांत्रिकी मासेमारी बंद असते, आणि पडद्यावर धो-धो पावसात ट्रॉलर निघतो. हापूसच्या बागा दिसतात, पण राखणीला आणि पेट्या भरायला असलेले नेपाळी गडी कधी दिसत नाहीत. आमच्या भागात त्यांच्याशिवाय आता हंगाम होत नाही. किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान तर जवळपास गायबच. मग भाषा: मालवणी कोण बोलतो आणि प्रमाण मराठी कोण? 'वस्त्रहरण'ने 1980 पासून मालवणीला मानाने रंगमंचावर उभं केलं, पण पडद्यावाल्यांनी त्यातून फक्त विनोद उचलला. नायकाला प्रेम करायचं असलं की तो शुद्ध बोलायला लागतो.

2025 च्या 'दशावतार'मध्ये दिलीप प्रभावळकरांच्या म्हाताऱ्या दशावतारी कलावंतासोबत खाणीचा प्रश्न आला तेव्हा आमच्याकडे लोक वेगळ्या कारणाने सरसावून बसले. कळणे, रेडी ही खाणींच्या गावांची नावं इथल्या बोलण्यात रोजची आहेत. आत्येनेही त्या दिवशी तिचा नेहमीचा प्रश्न विचारला नाही. पण तुलनेसाठी खरा दशावतार, म्हणजे जत्रेत होणारं आमचं लोकनाट्य, एकदा बघाच. त्यात संवाद लिहिलेले नसतात. कचेरीच्या प्रवेशात राजा आणि प्रधान बसले की पुराणातल्या गोष्टीत आपोआप गावचा रस्ता, न आलेलं पाणी, परवाची निवडणूक घुसते, आणि ज्याच्यावर टोमणा तो सरपंच दुसऱ्या रांगेत बसून हसत असतो. दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम सुरू होतो. रात्री अकरानंतर या, सोबत चादर आणा, आणि पुढे न बसता मागे चहाच्या टपरीजवळ उभे राहा. कोण कुठल्या वाक्याला हसतं आणि कोण गप्प राहतं, ते तिथूनच दिसतं.