भाव निम्म्यावर आला म्हणजे पैसे निम्मे झाले का?

"ताई, एका दिवसात निम्मे पैसे गेले हो माझे." खुर्चीत टेकता टेकताच एका निवृत्त बाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर लाल आकडा होता, उणे 50 टक्के. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

निवृत्तीनंतर त्यांनी पहिल्यांदाच शेअर घेतले होते. एकाच कंपनीचे 100, 400 च्या भावाने. आदल्या सकाळी भाव एकदम 200 दिसला. उरलेलं तरी वाचवू म्हणून दुपारपर्यंत त्यांनी 50 शेअर विकले. घरात कुणाला बोलल्या नाहीत, रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

"कंपनीकडून काही कळवलं होतं का?" मी विचारलं. शोधता शोधता मेल सापडला: एकास एक बोनस. त्यांनी तो वाचला होता. पण बोनस म्हणजे पगारावर मिळतो तसा, कधीतरी पैसे येतील, असं समजून सोडून दिला होता. इथे त्याचा अर्थ होता, हातातल्या प्रत्येक शेअरमागे आणखी एक शेअर फुकट.

मी कागद-पेन त्यांच्याकडे सरकवलं आणि हिशोब त्यांनाच करायला लावला. आधी 100 शेअर, भाव 400. बोनसनंतर 200 शेअर, भाव 200. दोन्हीकडे 40,000. त्यांनी गुणाकार पुन्हा करून पाहिला. "मग माझे वरचे 100 कुठायत?" तिथेच तर सगळी गफलत होते. ठरलेल्या तारखेला भाव लगेच खाली येतो, बोनसचे शेअर खात्यात जमा व्हायला मात्र वेळ लागतो. त्या मधल्या काळात खातं नसलेलं नुकसान दाखवतं. शेअर स्प्लिट झाला, म्हणजे एका शेअरचे तुकडे करून जास्त शेअर केले, तरी असंच होतं.

विकलेल्या 50 वरचा बोनस बुडाला का, ही त्यांची पुढची धास्ती. नाही बुडाला. बोनसचा हक्क ठरतो त्या तारखेला, म्हणजे रेकॉर्ड डेटला, शेअर त्यांच्याच नावावर होते. खरी झळ बसली ती दुसरीकडेच. घाईत त्यांनी मार्केट ऑर्डर टाकली होती. मार्केट ऑर्डर म्हणजे समोर जो भाव मिळेल त्याला विका. घेणारे कमी होते, म्हणून पडद्यावर 200 असताना सौदा 194 ला झाला. लिमिट ऑर्डर टाकली असती तर "199 च्या खाली नको" असं बजावता आलं असतं. मग कदाचित सौदा झालाच नसता, आणि त्या दिवशी तेच बरं होतं.

"या वयात हे शब्द माझ्या डोक्यात शिरायचे नाहीत," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी तिशीतल्या माणसांकडूनही ऐकते. मला ते पटत नाही. अडवत होतं ते डोकं नव्हे, विचारायचा संकोच अडवत होता. शब्दांची यादी पाठ करायला मी कुणालाच सांगत नाही. नवा शब्द दिसला की एवढंच विचारायचं: याने माझ्या शेअरची संख्या बदलते, भाव बदलतो, की हातात पैसे येतात?

त्यांनी लगेच लाभांशावर, म्हणजे कंपनी नफ्यातून वाटते त्या पैशांवर, ते लावून पाहिलं. संख्या तीच, हातात पैसे, "आणि भाव?" कंपनीच्या तिजोरीतून पैसे बाहेर गेले, तेव्हा भावही साधारण तेवढाच उतरतो, मी म्हटलं. त्यावर त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. मग पी/ई निघाला. भाव 200 आणि एका शेअरमागे वर्षाचा नफा 10, तर पी/ई 20. म्हणजे 1 च्या नफ्यासाठी आपण 20 मोजतो. हा आकडा लहान दिसला की शेअर स्वस्त, असं मात्र धरून चालू नये. पुढे नफा घटेल अशी भीती असली तरी तो लहान दिसतो.

विकलेले शेअर परत घेऊ का, याचं उत्तर मी दिलं नाही. घाबरलेल्या मनाने विकलं, आता हळहळत्या मनाने घेऊ नका, एवढंच म्हणाले.

काही दिवसांनी त्यांचा मेसेज आला: "ताई, 50 आणि बोनसचे 100, खात्यात 150 दिसतायत. कागदावर जुळवून पाहिलं. आणि काल ह्यांनाही सगळं सांगितलं."