वाचकांचे प्रश्न : भाग आपला, सातबारा संस्थेचा

प्रश्न : आम्ही काही शेतकऱ्यांनी सहकारी संस्था स्थापून, वर्गणी काढून जमीन घेतली. सातबाऱ्यावर संस्थेचे नाव आहे आणि आता संचालक मंडळ त्यातील काही क्षेत्र बाहेरच्या व्यक्तीला विकू पाहत आहे. आमची मालकी कितपत सुरक्षित आहे?

उत्तर : कटू वाटले तरी आधी हे समजून घ्यावे, की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३६ प्रमाणे नोंदणीकृत संस्था ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असल्यामुळे खरेदीखत तिच्या नावे असेल तर मालकही तीच ठरते, आणि भागपत्रातून सभासदाला मिळतो तो संस्थेतील हिस्सा, विशिष्ट गटातील जमीन नव्हे. (पैसे भरले म्हणजे जमीन झाली, हा समज गावोगावी आढळतो.) मात्र याचा अर्थ संचालक मंडळाला मोकळे रान मिळते असा नाही. उपविधींत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांत, जमीन विक्रीविषयी काय तरतूद आहे ते प्रथम वाचावे, कलम ३२ नुसार सभासदाला पाहता येणारी कागदपत्रे मागावीत आणि विक्री नियमबाह्य दिसल्यास कलम ९१ खाली सहकार न्यायालयात वाद दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मागावा. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरील नाव बदलण्याची, नोटीस निघाल्यास तलाठ्याकडे मुदतीत लेखी हरकत द्यावी, पोच घ्यावी.