नेतृत्वाच्या रकान्यात काय लिहू?

मी समुपदेशक आहे. जून आला की माझ्याकडे एक प्रश्न ठरलेला असतो. मुलं कधी एकटी येतात, कधी आईबरोबर, कधी शाळेतल्या बाई त्यांना घेऊन येतात. हातात शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रिंट असते. सगळे रकाने भरलेले, दाखले जोडलेले आणि एक चौकट कोरी. ‘तुम्ही नेतृत्व केल्याचा एखादा प्रसंग २०० शब्दांत लिहा.’ खासगी संस्थांच्या बऱ्याच शिष्यवृत्त्या आता फीपुरत्या राहिलेल्या नाहीत. निवडलेल्या मुलांसाठी शिबिरं असतात, मार्गदर्शक असतो, मुलाखतीची तयारी असते. म्हणून निवडतानाच त्या हा प्रश्न विचारतात, आणि आमची मुलं नेमकी तिथे अडतात. “मॅडम, आम्ही कुठे काय केलंय?”

ही मुलं हुशारीत कमी नाहीत. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, २०२५मध्येही ९८.८२ टक्के निकाल लागला. तीच मुलं मुलाखतीच्या खुर्चीत बसली की मान खाली घालतात. सतरा वर्षांत हे इतक्यांदा पाहिलं की एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. त्यासाठी सुजाताची गोष्ट निवडली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि तिची परवानगी घेतली आहे.

सुजाता देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका वाडीतली. वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी, आई माशांची पाटी घेऊन बाजारात बसते. बारावी सायन्सला चांगले गुण, बीएस्सीला प्रवेश घेतलेला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे वडील घरी होते. तेच तिला एसटीने घेऊन आले आणि छत्री मिटून बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

“ही चौकट कोरी का ठेवलीस?” मी विचारलं.

“लिहिण्यासारखं काय नाय. मी कधी वर्गप्रतिनिधी नव्हते. स्टेजवर गेले की पाय कापतात. माका काय जमूचा नाय ता.”

पहिल्या दोन भेटींत मी चुकीच्या वाटेने गेले. मुलीचा आत्मविश्वास कमी आहे असं मी धरून चालले. रोज आरशासमोर पाच मिनिटं बोल म्हटलं, स्वतःचे पाच गुण लिहून आण म्हटलं. तिने आणले: प्रामाणिक, मेहनती, जिद्दी, संवेदनशील, सकारात्मक. कुठल्याही अर्जावर चिकटवता येतील असे पाच शब्द. तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, “मॅडम, अर्ज राहू दे. ते शब्द वाचताना माझी मलाच लाज वाटली.”

ती उठणार तेवढ्यात टेबलावरचा तिचा मोबाईल थरथरला. पुन्हा थरथरला. ती ओशाळली.

“सॉरी मॅडम. वाडीतली पोरं आहेत. ओटीपी आला म्हणतायत.”

“कसला ओटीपी?”

“महाडीबीटीचा. सरकारी शिष्यवृत्तीचे ऑनलाइन फॉर्म भरायचेत ना.”

“ते तू भरतेस?”

“मी काय... ते भरले जातात आपले. आमच्या वाडीत रेंज नाय, वरच्या कातळावर, सड्यावर चढलं की येते. मग रविवारी सगळी तिथे येतात.”

पुढच्या वेळी येताना ती वही घेऊन ये, एवढंच मी सांगितलं. काहीतरी लिहून ठेवत असणारच असं मला वाटलं होतं, आणि ते खरं निघालं.

वही वाडीच्या मुंबई मंडळाने गुणगौरवाच्या कार्यक्रमात वाटलेली होती. पुठ्ठ्यावर मंडळाचं नाव आणि गणपती, पानं दमट हवेने फुगलेली, कडेला हळदीचं एक बोट. आत पट्टीने आखलेले रकाने होते. नाव. इयत्ता. कुठली योजना. उत्पन्नाचा दाखला कधीपर्यंत चालेल. बँक खातं आधारला जोडलंय का. कॉलेजच्या क्लार्ककडे अर्ज अडकलाय का. शेवटचा रकाना, ‘पैसे आले?’ एकूण चौदा नावं. त्यातली दोन नववीतली. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक योजनेची परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झालेली. या योजनेत नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण दरवर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं आणि ते राहिलं की पैसे थांबतात. त्या दोन नावांपुढे तिने लाल पेनने लिहिलं होतं: ‘आठवण करणे.’

मी ती वही बराच वेळ पाहत होते. एका ओळीवर बोट ठेवलं. ‘लखू. आधारवर नाव चुकीचे. दुरुस्त झाले. पैसे जमा झाले.’

“हे दुरुस्त कसं झालं?”

“तेची आई आधार केंद्रात गेली.”

“एकटी?”

“नाय, मी गेलेलंय वांगडा.”

“एकदाच?”

“तीनदा. पहिल्यांदा जन्माचा दाखला नव्हता, दुसऱ्यांदा मशीन बंद होती.”

“आणि बँकेतलं?”

“आधार जोडायचा अर्ज मी लिहून दिला. काकीला लिहायला येत नाय.”

“सुजाता, मग हे झालं की केलं?”

ती गप्प झाली. मीही गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाला बोलण्याचा मोह होतो. मुलीच्या वतीने उत्तर देऊन टाकावं असं वाटतं. त्या दिवशी मी तसं केलं नाही याचं मला आजही समाधान आहे. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मिनिटभराने ती अगदी हळू म्हणाली, “मी केलंय.” आणि चटकन तोंडावर हात ठेवला. कुणी ऐकलं तर नाही ना, अशा नजरेने तिने दाराकडे पाहिलं.

“काय झालं?”

“आई म्हणते फुशारकी मारूची नाय. देवाक आवडना नाय.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला तो इथे. मी ज्याला आत्मविश्वासाची कमतरता समजत होते, तो तिचा संस्कार होता. या मुलीला स्वतःवर विश्वास नव्हता असं नाही. चौदा मुलांची कागदपत्रं जिच्या वहीत आहेत, तिला आपण काय करू शकतो हे पक्कं ठाऊक असतं. ते आपल्या तोंडाने सांगणं तिला असभ्य वाटत होतं. आणि मी तिला आरशासमोर उभी करून नेमकं तेच असभ्य वाटणारं काम करायला लावत होते. माणूस आपल्या गोष्टीत स्वतःला कुठे उभं करतो, याकडे माझं नेहमी लक्ष असतं; माझं सगळं काम त्यावरच चालतं. सुजाता आपल्या गोष्टीतून स्वतःला पुसून टाकत होती. तिच्या वहीतली सगळी कामं ‘झाली’ होती. करणारं कुणी नव्हतंच.

मी म्हटलं, “आईचं बरोबर आहे. फुशारकी नकोच. एकही विशेषण लिहू नकोस. मेहनती नको, जिद्दी नको. काय घडलं तेवढं लिही, फक्त प्रत्येक क्रियापदाला त्याचा खरा कर्ता लाव. तू गेलीस तिथे ‘मी’. काकीने दिवसाची मजुरी बुडवली तिथे ‘काकी’. सेतू केंद्रातल्या माणसाने जेवणाच्या सुट्टीत फॉर्म बघितला असेल तर तिथे तो माणूस. खरं सांगणं म्हणजे मिरवणं नव्हे ना?”

“नाय,” ती म्हणाली. मग जरा विचार करून, “पण ह्याला नेतृत्व म्हणतात?”

“तुझे बाबा ज्या ट्रॉलरवर जातात, त्याचा तांडेल भाषण करतो?”

ती पहिल्यांदा मोकळं हसली. “तांडेल खय भाषण करता! तो बोलताच कमी.”

“मग त्याचं सगळे का ऐकतात?”

“जाळं कुठे टाकायचं ते त्याला कळतं. वारा फिरला की परत कधी वळायचं तेही. आणि बंदरात आल्यावर सगळी माणसं उतरली का बघतो, मग स्वतः उतरतो.”

मी काही बोलले नाही. तीच वहीकडे बघत राहिली.

जाताना वडील आत आले. त्यांच्या मनात दुसरीच सल होती. “मॅडम, पोर हुशार असा. पण कोणाचे उपकार नको आमका.” ही शंकाही मी पालकांकडून नेहमी ऐकते, आणि ती स्वाभिमानातून येते म्हणून तिला झिडकारून चालत नाही. मी त्यांना आपल्याच कोकणातला दाखला दिला. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आणि शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा लेखी करार. “म्हणजे आधी बोली झालेली,” वडील म्हणाले. हो, म्हटलं. संस्थाही आज हेच बघतात, की आपण दिलेलं पुढे कुणाच्या उपयोगी पडेल. म्हणूनच ती चौकट अर्जात असते. ते मान डोलावून बाहेर गेले. त्यांना तेवढं पुरलं.

आता अर्ज हातात घेऊन बसलेल्या मुलांशी थोडं बोलते. नेतृत्वाच्या रकान्यासाठी आठवणी धुंडाळताना स्टेज, माईक, स्नेहसंमेलन बाजूला ठेवा. तुमच्या घरात किंवा वाडीत असं कुठलं काम आहे, जे तुम्ही आठ दिवस नसलात तर अडतं? आजीच्या गोळ्या, धाकट्यांचा अभ्यास, आईच्या बचत गटाचा हिशेब, गणपतीत मंडळाची वर्गणी, पाण्याच्या पाळ्या. तिथून सुरुवात करा. एकच प्रसंग घ्या. कोण अडलं होतं, तुम्ही काय केलंत, पहिल्यांदा काय फसलं, मग काय बदललं, एवढं सांगा. जे फसलं ते गाळू नका. सुजाताच्या तीन फेऱ्यांतल्या दोन वाया गेल्या होत्या, आणि वाचणाऱ्याचा विश्वास त्या दोन फेऱ्यांमुळेच बसतो. दुसऱ्याने लिहिलेला किंवा मोबाईलवर तयार झालेला गुळगुळीत मजकूर तर मुळीच उतरवू नका. मुलाखतीत त्यातलंच एखादं वाक्य विचारतात, आणि मग त्याचं उत्तर तुमच्याकडे नसतं.

आणि गरिबीचं प्रदर्शन मांडू नका. काही ठिकाणी अर्ज भरून देणारे मुलांना सांगतात, असं लिही की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. मला याचा मनापासून राग येतो. घरची परिस्थिती सांगायला उत्पन्नाचा दाखला आहे, तो तहसीलदारांच्या सहीने बोलतो. तुमच्या २०० शब्दांत तुमच्या आईबापाची कीव मागू नका. ज्या मुलाला अठराव्या वर्षी आपलं दुःख विकायला शिकवलं, ते पुढची कितीतरी वर्षं स्वतःकडे तसंच बघत राहतं. असे मोठे झालेले विद्यार्थीही माझ्याकडे येतात, आणि त्यांच्यावर काम करायला खूप वेळ लागतो.

शिक्षकांना एक विनंती आहे. ‘हिच्यात लीडरशिप आहे’ असं मुलीला सांगू नका, तिला विचारा: हे काम कोणी केलं? उत्तरात ‘झालं’ आलं तर पुन्हा विचारा, प्रेमाने, घाई न करता. पालकांनी एवढं बघावं की माहितीअभावी काही हुकू नये. आठवीतलं मूल शासकीय किंवा अनुदानित शाळेत असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर वर सांगितलेल्या परीक्षेला ते बसलं पाहिजे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ करणारा शासन निर्णय जुलै २०२४मध्ये निघाला. तरी ‘एवढी फी कुठून आणणार’ म्हणून मुलीला घरी बसवणारे पालक मला अजून भेटतात. आणि खातं आधारला जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन एकदा विचाराच. अर्ज मंजूर होऊनही पैसे न येण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

सुजाता पाचव्या भेटीला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एकटीच आली. बंदी उठली होती, वडील समुद्रावर गेले होते. अर्ज तिने आदल्याच दिवशी सड्यावर बसून पाठवला होता. मला वाचून दाखवायला आली होती. पहिलं वाक्य होतं: ‘आमच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही, म्हणून मी दर रविवारी वही घेऊन सड्यावर जाते.’ पुढे लखू, काकी, बंद पडलेली मशीन, सेतूतले काका. शेवटपर्यंत एकही विशेषण नव्हतं. वाचताना एका ठिकाणी तिचा आवाज अडखळला. ‘मी लिहिला’ या शब्दांपाशी. ती थांबली, आणि तेवढेच शब्द पुन्हा वाचून पुढे गेली.

निघताना तिने वही उघडून दाखवली. पट्टीने एक नवा रकाना आखला होता, ‘स्वतः भरला’. पुढल्या वर्षी ती हॉस्टेलला गेली तर वाडीत कोणाला तरी हे काम यायला पाहिजे, म्हणून नववीतल्या त्या दोघांना तिने शेजारी बसवून शिकवलं होतं. त्यांच्या नावांपुढे दोन बरोबरच्या खुणा होत्या. खुणा त्यांनीच केल्या होत्या, एक निळ्या पेनने, एक पेन्सिलीने.