ध्येय, वसा आणि वाहून घेणं

दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे मुलांसाठी मार्गदर्शन शिबिर आहे. बाहेरून येणारे वक्ते ‘लाइफ पर्पज’ म्हणतात, मुलं माना डोलावतात आणि नंतर वहीत काय लिहायचं ते बाईंना विचारतात. त्यासाठी मराठीत ध्येय म्हणावं, उद्दिष्ट म्हणावं, हेतू की प्रयोजन? वऱ्हाडीत यासाठी काही शब्द आहे का? आणि फळ्यावर शीर्षक काय लिहावं?

बाई, चारही शब्द चालतात आणि चारही कुठेतरी कमी पडतात. कुठे ते ओळखायचं तर शब्दाशेजारचं क्रियापद बघा. कोशातला अर्थ पाठ असूनही जे लक्षात येत नाही ते क्रियापद सांगून जातं.

उद्दिष्ट ‘पूर्ण’ होतं किंवा ‘अपूर्ण’ राहतं. मुळात त्यात ‘दिश्’ आहे, बोट दाखवणं. जे दाखवून दिलंय ते उद्दिष्ट, आणि दाखवणारा बहुतेक वेळा दुसराच कोणी असतो. म्हणून तर पीककर्ज वाटपाचं उद्दिष्ट असतं, वृक्षलागवडीचं असतं, करवसुलीचं असतं. गावातल्या मुलांनी हा शब्द ग्रामपंचायतीच्या आणि बँकेच्या भिंतीवर वाचलेला आहे. तोच त्यांच्या आयुष्याला लावला की आयुष्याचाही आकडा होतो. मी तो वापरणार नाही.

हेतू ‘असतो’, ‘ठेवतात’ आणि पुष्कळदा ‘लपवतात’. हेतू चांगला असतो तसाच वाईटही असतो. ‘हेतुपुरस्सर’ म्हटलं की आपल्याला पोलिसांतली तक्रार आठवते, कोणाचं सत्कार्य आठवत नाही. एखाद्या कृतीमागचं कारण सांगायला हा शब्द नेमका आहे. जन्मभराच्या कामाला तो पुरत नाही.

प्रयोजन मला फार आवडतो, पण तो पुस्तकात राहिला. काव्यशास्त्रात काव्याची प्रयोजनं सांगतात, आणि जुन्या बोलण्यात लग्न-मुंजीला ‘कार्यप्रयोजन’ म्हणत. आज ‘तुझ्या जीवनाचं प्रयोजन काय?’ असं नववीतल्या मुलीला विचारलं तर ती घाबरेल. प्रश्नाचा सूर असा आहे की तिला वाटेल, आपण असण्याचाच कोणी जाब विचारतंय.

राहिलं ध्येय. ध्यान आणि ध्येय एकाच धातूतून आले आहेत. ज्याचं ध्यान करावं, जे मनात सतत धरावं, ते ध्येय. या मूळ अर्थाने शब्द उत्तम होता. आता मात्र आपण ध्येय ‘गाठतो’. गाठलं की ते संपलं. पोलीस भरती हे ध्येय, तलाठी होणं हे ध्येय, नीटमध्ये अमुक गुण हे ध्येय. भरतीसाठी पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावणाऱ्या मुलांना मी कमी लेखत नाही. घरात एक पगार आला की सगळ्या घराचे दिवस बदलतात. पण भरती झाल्यावरची तीस वर्षं कशासाठी, या प्रश्नाला ‘गाठणं’ हे क्रियापद उत्तर देऊ शकत नाही. तुमच्या वक्त्यांना बहुधा तेच विचारायचं असतं.

आणखी एक शब्द कोणीतरी सुचवेलच, म्हणून त्याबद्दल आधीच सांगतो: स्वधर्म. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली. त्यांत त्यांनी मांडलं की स्वधर्म शोधावा लागत नाही, तो आपल्या जन्माबरोबरच आपल्याकडे आलेला असतो. विनोबांच्या मनात आईवडिलांची, शेजाऱ्यांची, आपण ज्या काळात जन्मलो त्या काळाची सेवा होती, आणि त्यांचं स्वतःचं आयुष्य बघता त्या शब्दाला त्यांनी मोठं केलं यात मला शंका नाही. तरीही तुमच्या वर्गात तो नको. जन्माबरोबर काम येतं, या वाक्याचा आपल्या गावांत दुसराही अर्थ झालेला आहे. बलुतं जन्मावर होतं, गावकीची कामं जन्मावर होती, आणि ती नाकारण्याची सोय नव्हती. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांत विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून आलेली माणसं होती आणि जन्माने नेमून दिलेलं जगणं तिथं त्यांनी खाली ठेवलं. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तुमच्या बाकांवर आहेत. त्यांना ‘तुमचा स्वधर्म ओळखा’ म्हणणं मला बरोबर वाटत नाही. काम निवडता येतं, हे त्यांच्या घरानं फार किंमत देऊन मिळवलंय.

मग मराठीत शब्दच नाही का? आहे, आणि बायकांनी तो जपलाय. श्रावणातल्या कहाण्यांत विचारतात, ‘बाई बाई, काय करता?’ उत्तर येतं, ‘आम्ही वसा वसतो.’ मग वसा मागणाऱ्याला बजावलं जातं की उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील. तो कबूल करतो, ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही.’ या एका देवघेवीत किती क्रियापदं आलीत बघा! वसा मागावा लागतो, घ्यावा लागतो, मग तो रोज वसावा लागतो. तो टाकता येतो, म्हणजे तो टिकवणं आपल्या हातात आहे. उतण्या-मातण्याचं भय त्यात आधीच ओळखलंय. थोडं यश आलं की माणूस काम विसरतो, ही जाण कहाणी सांगणारीला होती. आणि बोलीत आणखी एक प्रयोग रूढ झाला: वसा ‘पुढे चालवतात’. ध्येय कोणी पुढे चालवत नाही, ज्याचं त्यानं गाठायचं असतं. वसा एका पिढीचा दुसरीला देता येतो.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. बाबा आमटे 1914 साली हिंगणघाटला जन्मले आणि वरोऱ्यात वकिली करत होते. कुष्ठरोग्यांची सेवा हे त्यांनी आधी ठरवलेलं ध्येय नव्हतं. पावसात पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना दिसला आणि ते आधी भिऊन दूर झाले. त्या भीतीनेच त्यांना परत त्याच्याकडे आणलं. 1949 साली महारोगी सेवा समिती उभी राहिली आणि वरोऱ्याजवळच्या माळावर आनंदवन वसलं. पुढे 1973 मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकसा इथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे तिथं राहिले. याबद्दल मराठी माणूस काय म्हणतो? ‘बाबांनी कुष्ठरुग्णांच्या सेवेला वाहून घेतलं. मुलांनी तो वसा पुढे चालवला.’ ‘ध्येय गाठलं’ असं कोणी म्हणत नाही, कारण गाठण्यासारखं तिथं काही नव्हतं. रोज उठून करण्यासारखं होतं.

आता ‘वाहून घेणं’. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथं दिसतं, आणि हे क्रियापद वऱ्हाडात जितकं जिवंत आहे तितकं पुण्या-मुंबईत नाही. देवाला फूल वाहतात. ओझं वाहतात. आणि आपल्याकडे वावर वाहतात. ‘यंदा किती वावर वाहतं?’ ‘घरचं तीन एकर आन् मक्त्यानं दोन.’ महसुली कागदावरची ‘वहिती’ याच क्रियापदाची. वावर वाहणं म्हणजे वखरणी, पेरणी, डवरणी, निंदण, सगळं आलं. पाऊस आला नाही तरी आलं, भाव पडले तरी आलं. अर्पण करणं, भार उचलणं आणि कसणं हे तिन्ही अर्थ एका क्रियापदात नांदतात. स्वतःला कामाला ‘वाहून घेणं’ म्हणताना शहरी कानाला फक्त फूल ऐकू येतं. वऱ्हाडी कानाला वावरही ऐकू यायला हवं. तुमच्या वर्गातल्या मुलांना तर ते सांगायचीही गरज नाही. त्यांना एवढंच विचारा, ‘वावर वाहतात तसं तुम्ही स्वतःला कशाला वाहाल?’ ‘पर्पज’ समजावायला वेगळं भाषण लागणार नाही.

वऱ्हाडी बोलीतल्या शब्दाबद्दल विचारलंत. ‘काय’ला ‘ले’ लागून झालेलं ‘कायले’ सगळ्यांना ठाऊक आहे. पण ‘कायले’ शब्दशः ‘कशासाठी’ असला तरी त्याच्या सुरात बहुतेकदा नकार असतो. ‘कायले आला?’ म्हणजे यायला नको होतं. म्हणून ‘कायले जगतं?’ हा प्रश्न चुकूनही विचारू नका. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या जिल्ह्यात तर नाहीच. बापाच्या जाण्यानं रिकामं झालेलं घर वर्गातल्या एखाद्या लेकराचं असू शकतं.

त्यापेक्षा ‘पायी’ घ्या. ‘लेकरापायी राबतो बाप्पा.’ ‘लेकीच्या शिक्षणापायी वावर गहाण ठेवलं.’ हा प्रमाण मराठीतही आहे, पण गावाकडे तो रोजचा आहे. ‘साठी’ म्हटलं की फक्त दिशा कळते. ‘पायी’ म्हटलं की किंमतही कळते, आणि म्हणून तो दोन्ही बाजूंनी चालतो. शिक्षणापायी वावर जातं, तसं दारूपायीही जातं. मुलांशी बोलायला ही दुधारी गोष्ट मला मोलाची वाटते. आपण ज्याच्यापायी खर्ची पडतो ते त्या लायकीचं आहे का, हा विचार त्या दोन अक्षरांतच आहे. गाडगेबाबा कीर्तनात वऱ्हाडीतून लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तरं त्यांच्याच तोंडून काढून घेत. अशी मांडणी वर्गात नक्की जमेल. बाबा आधी खराटा घेऊन गाव झाडत, मग कीर्तनाला उभे राहत. तेव्हा शिबिरात मुलांना आधी काहीतरी हातानं करायला द्या आणि प्रश्न नंतर विचारा.

काम सापडण्याबद्दलही मराठीत दोन तऱ्हा आहेत. ‘पोट्टा मार्गी लागला’ म्हणजे त्याला नोकरी-धंदा मिळाला. ‘त्याला त्याचं काम गवसलं’ म्हणजे वेगळं काही. शोधून सापडतं तेही गवसतं आणि न शोधता हाती लागतं तेही गवसतं. पोटापाण्याच्या कामाला हलकं न ठरवता मुलांना दोन्ही वाक्यं द्या. शिलाई करून घर चालवणाऱ्या आईला तिचं काम त्या शिलाईतच गवसलेलं असू शकतं, हे मुलांच्या नजरेला आणून द्यायला हवं.

फळ्याचं शीर्षक. ‘माझं जीवनध्येय’ लिहिलंत तर मुलं पदांची नावं लिहून मोकळी होतील. मी असं लिहीन: ‘मी कोणतं काम वाहीन, आणि कोणापायी?’ खाली वऱ्हाडीतून उत्तर लिहायला मोकळीक द्या. प्रमाण भाषेत मुलं ऐकलेली वाक्यं लिहितात.

आणि शुद्धलेखनाचं, कारण वह्या तपासताना अडेल. मुलं ‘धेय’ लिहितात, ते ‘ध्येय’. ‘उद्दिष्ट’मध्ये द जोडलेला. ‘हेतू’ एकटा असताना दीर्घ, समासात पहिल्या जागी आला की ऱ्हस्व: हेतुपुरस्सर. ‘वसा’चं सामान्यरूप नियमाने ‘वशा-’ होतं (‘घसा’चं ‘घशाचा’ तसं ‘वशाचा’), ‘वसाचा’ नव्हे, पण ‘वशाचा’ कानाला अडखळतो. तिथं वाक्य फिरवून ‘घेतलेला वसा’ असं लिहू द्या.