सायकलला मोटर लावताय? वॅट नंतर विचारा, आधी चिमटा दाखवा

"टूरिंग सायकलला मोटर लावायचीय, कोणती घेऊ?" असे मेसेज इंदूरभरातून येतात आणि घोळ सगळ्यांचा तोच असतो, म्हणून एकदाच सगळं लिहितोय. (चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क.)

प्रश्न (टिळकनगर): दुकानदार म्हणतो १००० वॅटचीच घ्या, २५० वाली घाटात दम टाकते. खरंय का?

नाही. तुम्ही ७५ किलो, सायकल-सामान-बॅटरी मिळून ४० किलो धरा. सहा टक्के चढ ताशी १० किमीने चढायला चाकापाशी २१० वॅटच्या आसपास लागतात, त्यातले १०० तुमचे पाय देतात, म्हणजे पॅडल मारत राहिलात तर २५० वाली पुरते. आणि ती कायद्यातही बसते: मोटर पाव किलोवॅटच्या आत, स्पीड ताशी २५ किमीच्या आत असेल तर रजिस्ट्रेशन-लायसन्स लागत नाही, १००० वाली लावली की सायकल मोटारवाहन झाली. हे दुकानदार सांगतो का, त्याला विचाराच.

प्रश्न (महू): हब मोटर की मिड-ड्राइव्ह? सामान लादून जाम गेटवरून महेश्वरला जातो.

जाताना उतार आहे, खरी परीक्षा परत येताना. हब मोटर चाकाच्या मधोमध बसते आणि तिचा स्पीड चाकाच्या स्पीडला बांधलेला असतो, त्यामुळे लादलेली सायकल ताशी सात-आठवर आली की बॅटरीतला बराच करंट नुसती उष्णता होतो आणि गिअरवाली हब असेल तर आतले नायलॉनचे गिअर झिजतात. मिड-ड्राइव्ह पॅडलपाशी बसते आणि तुमचेच गिअर वापरते, खालचा गिअर टाकला की मोटर आरामात फिरते. चेन आणि कॅसेट (मागची गिअरची चक्रं) मात्र लवकर जातात हे धरून चला. तुमच्यासाठी मिड-ड्राइव्ह, पण मागवायच्या आधी बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा आस बसतो तो फ्रेमचा भाग) मोजून घ्या, ६८ किंवा ७३ मिमीचा आटेवाला असेल तर सोपं, प्रेस-फिट (आटे नसलेला, दाबून बसवलेला) असेल तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पैसे भरू नका. नुसतं उज्जैनकडे सपाटीला जाणार असाल तर गिअरवाली हब भरपूर झाली.

प्रश्न: उतारावर बॅटरी चार्ज होते ना?

गिअरवाल्या हबमध्ये नाही, मिड-ड्राइव्हमध्ये नाही.

प्रश्न (रामबाग): अलॉयच्या चिमट्यात पुढची हब मोटर मी स्वतःच बसवली. दोन महिने झाले, थ्रॉटल दिला की 'टक' असा आवाज येतो. नट आवळले. यूट्यूबवर म्हणतात चालतं.

आजपासून चालवू नका. दोन महिने कसली वाट बघत होतात? मोटरचा एक्सल दोन बाजूंनी चपटा असतो, १० मिमी, आणि मोटर चाकाला जितक्या जोरात पुढे ढकलते तितक्याच जोरात एक्सल उलटा फिरायला बघतो. ४० न्यूटन-मीटरच्या मोटरचा त्या चपट्या कडांवर ४०० किलोच्या आसपास जोर येतो, प्रत्येक थ्रॉटलला. चिमट्यातली एक्सल बसायची खाच साधारण ९ मिमीची असते म्हणून लोक कानस मारून ती मोठी करतात, म्हणजे होती तीही पकड घालवतात. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे अशीच एक सायकल आली होती, खाचेच्या कडा गोल झालेल्या, आत ताजं चकचकीत अॅल्युमिनियम दिसत होतं, एक्सल फिरला आणि मोटरची वायर पिळून तुटली. मालकाचं नशीब की चाक निसटलं नाही. अलॉय लोखंडासारखं वाकून इशारा देत नाही हो, एकदम तडकतं. नुसत्या वॉशरने भागत नाही, एक्सलला फिरू न देणारे स्टीलचे टॉर्क आर्म दोन्ही बाजूंना हवेत, एक्सलच्या चपट्या भागावर घट्ट बसून दुसरं टोक चिमट्याच्या पायाला बांधलेले. किटमध्ये ते बऱ्याचदा नसतातच, स्वस्तात विकायचं असतं ना. कार्बनच्या किंवा शॉकअपवाल्या चिमट्यात मोटर मी बसवतच नाही, आणि मागे स्टीलच्या फ्रेममध्येसुद्धा एक टॉर्क आर्म लावतोच. तुम्ही चाक काढून खाचेची कड उन्हात बघा, केसाएवढी चीर दिसली तर चिमटा बदला, नाही दिसली तरी सायकल ढकलत न्या आणि मेकॅनिकला दाखवा, लिहून मी खात्री देऊ शकत नाही.

प्रश्न: ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-अवरची बॅटरी, जाहिरातीत १०० किमी लिहिलंय. ओंकारेश्वरला एका चार्जमध्ये पोचेन?

३६ गुणिले १४, म्हणजे ५०४ वॅट-अवर. सामान लादून किलोमीटरला १० ते १२ जातात, म्हणजे ४०-५० किमी, इंदूरहून एका चार्जमध्ये पोचणार नाही. जाहिरातवाल्यांचे १०० सपाट रस्त्यावर, हलक्या माणसाने, जवळजवळ सगळं पॅडल स्वतः मारून निघतात. वाटेतल्या भेरूघाटाच्या अलीकडे-पलीकडे चार्जिंग कुठे करणार ते निघायच्या आधी ठरवा.

प्रश्न: हीच बॅटरी विमानाने लेहला नेता येईल?

नाही. १६० वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही, ना हँडबॅगेत ना चेक-इनमध्ये. आणि पॅक खोलून तुकडे करून न्यायचा सल्ला कोणी दिला असेल तर तो अजिबात ऐकू नका, रस्त्याने पाठवता येईल का ते ट्रान्सपोर्टवाल्याला आधीच विचारून घ्या.