गुगलची टक्केवारी आणि अठरा जून रस्ता

प्रश्न : टाळेबंदीत पणजीतली वाहने आणि पायी चालणारे किती घटले, नंतर किती परतले, यावर कॉलेजचा प्रकल्प करते आहे. गुगलची गोव्याची टक्केवारी (फोनच्या ठिकाणावरून काढलेली, लोकांची ये-जा किती घटली-वाढली ते सांगणारी) मिळाली आहे. तेवढी पुरेल का? की स्वतः मोजावे? (एक विद्यार्थिनी, पर्वरी)

उत्तर : आधी ती टक्केवारी कशाच्या तुलनेत आहे ते पाहा. गुगलने पाया धरला तो ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० हा काळ, आणि प्रत्येक दिवसाची तुलना त्या पाच आठवड्यांतल्या त्याच वाराशी केली. ऋतूचा हिशेब त्यात नाही. गोव्यात हे ऐन हंगामाचे दिवस! जूनमध्ये निर्बंध नसले तरी किनाऱ्यावरचे शॅक उठलेले असतात, पाऊस कोसळत असतो, पर्यटक ओसरलेले असतात. म्हणजे जून २०२० ची सगळी घट टाळेबंदीच्या नावावर घातलीत, तर पावसाचा वाटाही तिच्याच खात्यात जाईल. जून २०२० ची तुलना जून २०२२ शी करा. जून २०२१ घेऊ नका, ९ मे २०२१ पासून गोव्यात पुन्हा संचारबंदी होती.

शिवाय हे आकडे दुकाने, उद्याने, कार्यालये अशा ठिकाणी लोक किती गेले ते सांगतात; चालत गेले की स्कूटरने, हे सांगत नाहीत. घरांचा आकडा तर लोक घरी किती वेळ राहिले त्याचा आहे. तो बाकीच्यांसोबत एकाच आलेखात घालू नका.

म्हणून मोजणी कराच. पणजीतल्या अठरा जून रस्त्यावर एक जागा निवडा, रस्त्याला आडवी रेघ कल्पा, दोन्ही बाजूंना एकेक जण उभे राहा. मंगळवार ते गुरुवार, सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते सात; चतुर्थी आणि कार्निव्हलचे दिवस सोडून. दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहा. पदपथाची रुंदी टेपने मोजा, भिंतीलगतचा अर्धा मीटर वजा करा, कारण तिथे कोणी चालत नाही. वर चढवलेल्या स्कूटरनी अडवलेली जागाही वजा करा. पंधरा मिनिटांत २७० माणसे आणि वापरता येणारी रुंदी १.८ मीटर, तर मिनिटाला मीटरमागे १० माणसे.

सर्वात जास्त चूक होते ती इथे : फक्त पदपथावरचे मोजले जातात. दुकानापुढे एकेक मीटरवर रांग लागली की अरुंद पदपथ संपतो आणि माणसे डांबरावर उतरतात. आकडा घटतो, पण चालणारे तेवढेच असतात. डांबरावरून जाणाऱ्यांसाठी वेगळा रकाना ठेवा.

आणि २०२० पूर्वीची त्याच जागेची मोजणी हाती नसेल, तर ‘इतके परतले’ असे लिहू नका. आजची स्थिती म्हणून मांडा.

प्रश्न : रस्ते ओस पडले होते, मग अपघाती मृत्यू त्याच प्रमाणात का घटले नाहीत? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : वेगामुळे. देशात २०१९ मध्ये ४,४९,००२ अपघात आणि १,५१,११३ मृत्यू. २०२० मध्ये ३,६६,१३८ अपघात आणि १,३१,७१४ मृत्यू. म्हणजे दर शंभर अपघातांमागचे मृत्यू ३३.७ वरून ३६ वर गेले. गर्दी असली की वाहने आपोआप हळू चालतात, मोकळा रस्ता मिळाला की धडक जोराची बसते.

तुमच्या रस्त्यावर पाहायचे असेल तर कडेला खडूने ५० मीटर आखा आणि स्टॉपवॉच धरा. ३.६ सेकंदांत अंतर कापले तर वेग ताशी ५० किलोमीटर.